हिलमनचा आवाज

बागबाजार, कलकत्ता
१८ नोव्हेंबर १९७३

प्रिय मनोहर,

तुझं पत्र परवा पोचलं. अक्षर अजून तसंच आहे, शाळेतल्या मुलीसारखं, एकही काना वाकडा नाही. आधी माझ्या तब्येतीची चौकशी, मग पुण्यातल्या थंडीचं वर्णन, मग कालिंदीकाकूंच्या हातची आमटी अजून आठवते वगैरे, आणि अगदी शेवटी, पान संपत आल्यावर, खरी गोष्ट. उज्ज्वलानं तुला पत्र लिहिलंय, मला न सांगता. तिनं विचारलंय की त्या वर्षी आमच्या हिलमनमध्ये खरोखर आवाज होता की नव्हता. नव्हता असं तू लिहिलंस, तर ती बाप सोडून पुण्याला यायला तयार आहे, तुझी अजून इच्छा असेल तर. माझ्या मुलीनं एवढं स्वच्छ विचारलं आणि तू तो प्रश्न घेऊन कुठे आलास, तर माझ्याकडे! ‘काका, तिला काय उत्तर देऊ? आपण सांगाल तसं करीन.’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि एकटाच मोठ्यानं हसलो. उज्ज्वला शाळेत शिकवायला गेली होती म्हणून बरं. तुला उत्तर मिळेल, पण शेवटी मिळेल. तोवर मी सांगतो ते ऐकून घे. ऐकून घेण्यात तुझा हात कोणी धरू शकणार नाही.

गाडीपासूनच सुरुवात करतो. एकोणीसशे छत्तीस सालची हिलमन. आमच्या ज्यूट मिलचा स्कॉच मॅनेजर देश सोडून निघाला तेव्हा ती माझ्या गळ्यात मारून गेला, आणि मी तिला पोटच्या पोरीसारखी सांभाळली. कालिंदी म्हणायची, पोटच्या पोरीपेक्षा जास्त. बागबाजारातून निघायचं, टाला पूल ओलांडायचा आणि बी. टी. रोडनं बराकपूरच्या पुढे नदीकाठच्या मिलपर्यंत, रोज. मिलमध्ये शेकडो मागांच्या खडखडाटात उभा राहून कोणता माग आजारी आहे ते मी नुसत्या कानानं सांगायचो. पाहुणे आले की मॅनेजर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, हा आमच्या मिलचा कान. त्या कानावर मी पगार घेतला, बढत्या घेतल्या, या शहरात घर चालवलं. मला बाकी फारसं काही येत नव्हतं आणि यायची गरजही पडली नाही.

गाडीचं दुखणं शोधायची रीत मीच तुला शिकवली. आवाज आला की लगेच पाना उचलायचा नाही. आवाजाला एकेका जागेवरून उठवत न्यायचं. ॲक्सिलरेटर दाबून गाडीवर ओझं टाकायचं आणि आवाज चढतो का ऐकायचं. मग पाय काढून घ्यायचा आणि ओझं उतरल्यावर बदलतो का ऐकायचं. क्लच दाबल्यावर थांबला तर दुखणं गिअरबॉक्समध्ये, दाबल्यावरच सुरू झाला तर क्लचच्या बेअरिंगमध्ये. गिअर काढून गाडी टाला पुलाच्या उतारावर नुसती घरंगळू द्यायची, आणि तरीही आवाज राहिला तर मागचा ॲक्सल धरायचा. दर वेळी एक गोष्ट बाजूला काढायची आणि काय उरतं ते ऐकायचं. तू म्हणाला होतास, काका, कॉलेजात हे असं कुणीच समजावलं नाही. फार खूश झालो होतो मी. मला खूश कसं करायचं हे तुला पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

आठवतंय ना, कसा आलास ते? नागपूरहून नवाच आलेला, हावड्याच्या कारखान्यात नोकरी, मेसमध्ये माशाच्या वासानं हैराण झालेला. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत कालिंदीनं तुला हेरलं आणि रविवारी जेवायला बोलावलं. जेवण झालं की आपण दोघं गाडीखाली. उज्ज्वला शेजारी बसून बॅटरी धरायची. तू पाना मागितलास की ती आधी पक्कड द्यायची, मग ती परत घेऊन पाना द्यायची, म्हणजे हाताला हात दोनदा लागेल. मला ऐकू कमी येत असेल, दिसत नव्हतं असं नाही. कालिंदीनं लग्नाचा विषय काढला तेव्हा मी नाही म्हणालो नाही. मुलगा ब्राह्मणाचा होता, इंजिनिअर होता, हाताला वळण होतं. मी फक्त एक अट घातली. हिलमनमध्ये एक बारीक आवाज येऊ लागला होता. ज्या दिवशी ती आवाजाशिवाय चालेल त्या दिवशी साखरपुडा. जानेवारीत मैदानावर जुन्या गाड्यांची रॅली होती, तिथे सगळ्यांसमोर उभी करू आणि तिथेच जाहीर करू. तू हसलास, उज्ज्वला हसली. कालिंदी हसली नाही. ती उठून पाणी आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तो आवाज म्हणजे बारीक लांबलचक शीळ, किटलीतून वाफ सुटताना येते तशी. तू मागची सीट काढलीस, एक लाकडी दांडा ॲक्सलवर टेकवलास, दुसरं टोक कानाला लावलंस आणि मला गाडी चालवायला सांगितलंस. निदान चोख होतं तुझं. ॲक्सल उघडला तर पिनियनच्या बेअरिंगला मोहरीएवढे खड्डे पडले होते. मल्लिकबाजारातल्या भंगारवाल्यांशी घासाघीस करून तू नवं मिळवलंस, बसवलंस, रविवारी आपण सगळे बी. टी. रोडला लागलो. तुम्ही तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होतात. शिळेखाली जो घुमारा यायचा तो गेला होता, ते मी मान्य केलं. पण शीळ तशीच होती. मी म्हणालो, आहे. उज्ज्वलाचा चेहरा पडला. तू म्हणालास, पुन्हा बघतो, काका.

दुसऱ्यांदा उघडून बसवल्यावर टाला पुलावर गेलो तो दिवस मला आता रोज आठवतो. चढ संपल्यावर मी गिअर काढला, इंजिनसुद्धा बंद केलं आणि गाडी उतारावर सोडली. ॲक्सल तर दोनदा उघडून तपासलेला, तेव्हा टायरांची सरसर सोडली तर बाकी काही वाजायचं कारणच नव्हतं. शीळ तशीच, तेवढीच. मी म्हणालो, हे बघ, आला की नाही? तू माझ्याकडे पाहिलंस. मग मागे वळून उज्ज्वलाकडे पाहिलंस. मग म्हणालास, हो काका, थोडा आहे, पुढून येतोय बहुतेक, मधल्या जोडणीतून. उज्ज्वला म्हणाली, हो बाबा, मागून येतोय. मी तिला विचारलं, कोणत्या सुरात? गाणं शिकलेली मुलगी, क्षणभर थांबून म्हणाली, पंचमात. कालिंदी लोकरीचे टाके घालत बसली होती, तिनं मान वर न करता सांगितलं, केवढा तो आवाज, डोकं उठलं माझं. एका आवाजाच्या तीन माणसांनी तीन तऱ्हा सांगितल्या. मिलमध्ये तीन कामगारांनी एका मागाबद्दल असं सांगितलं असतं तर मी तिघांनाही खोटारडे म्हणून घरी पाठवलं असतं. घरच्या माणसांच्या बाबतीत ते मला सुचलं नाही. मी तुला तिसऱ्यांदा ॲक्सल उघडायला लावला. तिसऱ्या वेळी तू नुसतं तेल बदललंस आणि झाकण पुन्हा लावलंस. हे मला उज्ज्वलानं अलीकडे सांगितलं.

मैदानावरची सकाळ तू विसरला असशील तर मी आठवण करून देतो. धुकं होतं. राजेरजवाड्यांच्या आणि मारवाडी शेठजींच्या लांबलचक गाड्या रांगेत उभ्या, त्यांत आपली हिलमन. तू पितळ असं घासलं होतंस की त्यात माझी टोपी दिसत होती. मंडळातली कुटुंबं डबे घेऊन आली होती. कालिंदीनं साखरपुड्याची साडी घेऊन ठेवली होती आणि ती पिशवीत घालून तिथे आणलीही होती, मला न सांगता. या घरात मला न सांगता करायच्या गोष्टींना कधी तोटा नव्हता. मी गाडी रांगेतून काढली, एक मोठी फेरी मारली आणि परत येऊन उतरलो. मिलमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. ज्या मुलाला तीनदा उघडून एका ॲक्सलचा आवाज काढता येत नाही तो माझ्या मुलीचा संसार काय ओढणार, असं मी म्हणालो, आणि गाडी रॅलीतून काढून घेतली. कुणीतरी हसलं. डबे उघडायचे की नाही हे बायकांना कळेना. तू हातात फडकं घेऊन उभा होतास. मला वाटलं आता हा चिडेल, ओरडेल, मला चार शब्द सुनावेल. मी वाट बघत उभा राहिलो, खोटं नाही सांगत. तू म्हणालास, चुकलं, काका. आणि फडक्याची नीट घडी घालून ती बॉनेटवर ठेवलीस.

पंधरवड्यात तू पुण्याची नोकरी धरलीस. उज्ज्वला रडली नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. तिनं दोन स्थळं एकामागून एक परतवली. दुसऱ्याला तर तिनं चहा देताना विचारलं, तुम्हाला गाडीच्या ॲक्सलमधलं काही कळतं का? तो बिचारा बँकेतला. तुझ्या आमटीवाल्या काकू पुढच्या पावसाळ्यात विषमज्वरानं गेल्या. मी निवृत्त झालो. राहिलो बाप आणि लेक, आणि रविवारची फेरी. उज्ज्वला माझ्या शेजारी बसायची. टाला पूल आला की मी विचारायचो, आहे ना गं? ती म्हणायची, आहे, बाबा. एवढंच आमचं बोलणं, आणि तेवढं मला पुरत होतं. अंथरुणावर पडल्यावरही शीळ चालूच असायची. मी म्हणायचो, या गाडीनं माझे कान खाल्ले, रविवारी चालवली की गुरुवारपर्यंत उतरत नाही. मध्ये एकदा गाडी महिनाभर बाहेर काढली नाही, तरी शीळ होतीच. मी म्हणालो, इतकी वर्षं ऐकलीय, मुरली असेल. उज्ज्वला ताटात भात वाढत होती. ती वाढतच राहिली.

आता हे वर्ष. पूजेच्या सुट्टीनंतरचा रविवार, श्यामबाजारचा पाच रस्त्यांचा नाका. मी वळलो आणि उज्ज्वलानं अचानक स्टिअरिंग हातातून हिसकून गाडी फुटपाथवर चढवली. ट्राम आमच्या मडगार्डला घासून गेली. मागाहून कळलं, तो ट्रामवाला केव्हाचा घंटा बडवत होता. तो खाली उतरून माझ्या तोंडाजवळ तोंड आणून ओरडला, ‘ओ बुडो, काने शोनो ना नाकि?’ म्हाताऱ्या, कानानं ऐकू येत नाही का? हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. गर्दी जमली. घरी आल्यावर तिनं चप्पलसुद्धा न काढता माझ्या उजव्या कानाशी येऊन सगळं सांगितलं. हिलमनमध्ये आवाज नाही, बाबा. मनोहरनं पहिल्यांदा बेअरिंग बदललं त्या दिवसापासून नाही. त्यानंतर मी कधी ऐकला नाही, आईनंही कधी ऐकला नाही. आईनं आम्हाला शपथ घातली होती, की यांच्या कानाबद्दल यांच्यासमोर चकार शब्द काढायचा नाही, मिलमध्ये कळलं तर उद्या नोकरी जाईल आणि त्याआधी हे खचून मरतील. तिनं ते मनोहरलाही सांगितलं होतं. म्हणून आम्ही हो म्हणत गेलो. आपण कानाच्या डॉक्टरकडे जाऊ, आणि डॉक्टर म्हणाला की शीळ तुमच्या कानातली आहे, तर मी मनोहरकडे जाणार. असं म्हणाली. माझी मुलगी माझ्यासमोर असं बोलू शकते हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तुला माहीत होतं का?

डॉक्टर धर्मतल्ल्याचा, म्हातारा बंगाली, पानानं दात लाल झालेले. उज्ज्वला बाहेर बाकावर बसली. त्यानं मला एका बंद खोलीत बसवलं, भिंतींना जाड गाद्या, कानांवर डबे, समोर काचेपलीकडे त्याचं यंत्र. आवाज आला की बोट वर करा म्हणाला. मी बोट वर केलं ते केलंच. त्यानं खुणेनं विचारलं, काय? मी डबे काढून दार उघडलं आणि त्याला म्हणालो, डॉक्टर, तुमच्या मशीनचं बेअरिंग गेलंय, शीळ येतेय, आधी ते दुरुस्त करून घ्या, मग लोकांचे कान तपासा. त्यानं यंत्राची वायर उचलून मला दाखवली. ती भिंतीत लावलेलीच नव्हती. ‘मोशाय, मेशिन तो बोंधो.’ मग माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, ज्यूट मिलमध्ये किती वर्षं? तिथल्या माणसांचे कान असेच जातात म्हणे, ऐकू येणं जातं आणि ही शीळ राहते. मी उभी गाडी, बंद इंजिन, कुणी काही चालवत नाही, अशा जागी बसून कधी ऐकलंच नव्हतं. उभ्या गाडीत कोण ऐकतं? मी तिथल्या खुर्चीत बसून राहिलो. बाहेर आल्यावर उज्ज्वलानं डोळ्यांनीच विचारलं. मी सांगितलं, कानात मळ होता, काढला, बाकी कान ठणठणीत आहेत म्हणाला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बाकावरची पिशवी उचलली. मला वाटलं पटलं. पटलेलं नव्हतं, पण स्वतःच्या कानांवरही तिचा पुरता भरवसा उरला नाही, म्हणून तिनं तुला पत्र घातलं.

तर मनोहर, आता तुझ्याबद्दल. तू इंजिनिअर. मी सांगितलेली रीत तुला माझ्यापेक्षा लवकर जमली होती. इंजिन बंद, गिअर काढलेला, ॲक्सल तूच दोनदा उघडून पाहिलेला, गाडी उतारावर, आणि म्हातारा म्हणतोय आवाज येतोय. ओझं टाकून बदलत नाही, काढून बदलत नाही, क्लचनं बदलत नाही. त्या क्षणी तुला कळलं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस ते त्यासाठीच. एक वाक्य बोलायचं होतं, काका, गाडीत आवाज नाही, तुमच्या कानात आहे. मी तुला घराबाहेर काढलं असतं, कदाचित थोबाडीतही दिली असती. पण महिन्याभरात डॉक्टरकडे गेलो असतो, कारण मी हट्टी आहे, मूर्ख नाही. तुझं लग्न झालं असतं. कालिंदीनं ती साडी मुलीला नेसवली असती. तुम्ही सगळ्यांनी मला जपलंत म्हणे! माझं मन जपलंत! मंडळातल्या लोकांत मी जिथे जाईन तिथे गाडीच्या आवाजाबद्दल बोलत होतो आणि सगळे माना डोलावत होते, आणि घरी जाऊन हसत असतील. मी मैदानावर तुला बोललो त्याचं मला वाईट वाटतं का, असं उज्ज्वलानं विचारलं. मी म्हणालो, नाही. तेव्हा मला कारण माहीत नव्हतं एवढंच, माणूस मी बरोबर ओळखला होता. माझ्या मुलीसाठी एक वाक्य बोलायचं धैर्य ज्याला झालं नाही, ॲक्सल तीनदा उघडणं सोपं वाटलं, त्याला ती का द्यावी? तिच्या आईला मान दिलास म्हणशील. दिलास. आणि मुलगी घालवलीस.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर, आणि त्यासाठीच हे पत्र. डॉक्टर म्हणाला, यावर औषध नाही, गेलंय ते येणार नाही, आहे तेही हळूहळू जाईल. मग शीळ तेवढी राहील. मनोहर, मला भीती वाटते. हे मी कालिंदीजवळसुद्धा कधी बोललो नाही. दूधवाला दार वाजवून निघून जातो. शेजारी काहीतरी बोलतात, मी हसतो, आणि त्यांच्या तोंडावरून कळतं की हसायचं नव्हतं. रस्ता ओलांडताना उज्ज्वला माझा दंड धरते. ती उजव्या बाजूला बसून बोलली तर तिचा आवाज मला अजून येतो, तिचा एकटीचाच येतो. ती पुण्याला गेली तर या घरात मी आणि शीळ. ते मी होऊ देणार नाही. तेव्हा तू तिला लिही की आवाज होता. खोटं लिहायचं जिवावर येत असेल तर पहिल्या बेअरिंगचा आवाज आठव आणि लिही, तो तर होताच. बाकी काही लिहू नकोस, माझं नाव नको, तब्येतीची चौकशी नको. पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठव, घरी पाठवलंस तर मी मध्ये आहे असा तिला संशय येईल. तुझ्या शब्दावर ती विश्वास ठेवेल, तू कधी खोटं बोलत नाहीस असं तिला अजून वाटतं. थोडे दिवस ती जेवणार नाही, मग जेवेल. ती एकतीस वर्षांची आहे, पुन्हा कुणाला विचारायची नाही. आणि तू लिहिशील की नाही याची मला चिंता नाही. तुझ्यात नाही म्हणायची धमक असती, तर तिचं पत्र हातात पडल्याबरोबर तू तिला उत्तर लिहिलं असतंस, मला विचारत बसला नसतास.

तुझाच,
होता होता राहिलेला सासरा,
दिगंबर